मेंदूमृत दात्याची किडनी : एटीजी सरसकट द्यावे का?

मांडवीकाठ :
माझे मत स्पष्ट आहे, एटीजी (शरीराच्या टी-पेशी, म्हणजे परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुसून टाकणारे इंजेक्शन) सगळ्यांना द्यावे. जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेची वेळ आपण ठरवतो, इथे ते हातात नसते. चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करणार, मग घरच्यांची संमती, क्रॉसमॅच (दाता-रुग्ण रक्त जुळवणी). अवयव गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयातून दाबोळी विमानतळामार्गे मुंबईला जायचा असला की बर्फातला वेळ आणखी वाढतो. अशा किडनीत रक्त पुन्हा खेळू लागले की सूज येते आणि टी-पेशी तिच्यावर तुटून पडतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, जोखमीच्या 278 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणे) झाले एटीजीवर 15.6 टक्के, बॅसिलिक्सिमॅबवर (टी-पेशी न मारता त्यांना नुसते रोखणारे सौम्य इंजेक्शन) 25.5 टक्के. एवढा फरक सोडून द्यायचा?

दूधसागर :
बाब, आकडे बरोबर, पण अर्धेच. त्याच चाचणीत किडनी उशिरा चालू होण्याचे प्रमाण 40.4 आणि 44.5 टक्के, म्हणजे ठोस फरक नाहीच. संसर्ग मात्र एटीजीवर 85.8 टक्के, दुसरीकडे 75.2. वर्षअखेर किडनी टिकण्यातही फरक दिसला नाही. शिवाय ते सगळे निवडून घेतलेले जोखमीचे रुग्ण होते. दाता तरुण, बर्फातला वेळ कमी, प्रत्यारोपण पहिलेच, दात्याविरुद्ध अँटिबॉडी नाहीत, अशाला बॅसिलिक्सिमॅब 20 मिलिग्रॅम शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि तेवढेच चौथ्या दिवशी पुरते. पावसाळ्यात लेप्टो नि डेंग्यू आणि बारा महिने क्षयरोग असलेल्या मुलखात टी-पेशी पुसून टाकायच्या त्या कारण असेल तरच.

मांडवीकाठ :
‘सरसकट’ हा शब्द मागे घेतो. पण लघवी सुरूच झाली नाही तर? टॅक्रोलिमस (रिजेक्शन रोखणारे रोजच्या गोळीचे औषध) किडनीत रक्त नेणारी धमनी आवळते. एटीजी दिलेले असेल तर टॅक्रोलिमस काही दिवस उशिरा सुरू करता येते, बॅसिलिक्सिमॅबवर ती मोकळीक फार कमी. एटीजीची मात्रा किलोमागे 1.5 मिलिग्रॅम. पहिला डोस मोठ्या शिरेतून किमान सहा तास, त्याआधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि अँटिहिस्टामिन. घाईने सोडले की थंडी वाजून ताप चढतो, बीपी पडते. पांढऱ्या पेशी 3000 किंवा प्लेटलेट 75 हजारांखाली गेल्या तर डोस निम्मा. 2000 किंवा 50 हजारांखाली गेल्या तर थांबायचे.

तिसवाडीचा_फार्मसिस्ट :
तुम्ही दोघे पहिल्या आठवड्यावर भांडताय. पुढची वर्षे टॅक्रोच्या (टॅक्रोलिमसच्या) रक्तातल्या लेव्हलवर जातात. 2007 च्या सिम्फनी चाचणीत 1645 रुग्ण होते. टॅक्रोची लेव्हल 3 ते 7 (मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम) ठेवायची, असे ठरलेल्या गटात रिजेक्शन 12.3 टक्के, नेहमीच्या मात्रेतल्या सायक्लोस्पोरिनवर (त्याच कामाचे जुने औषध) 25.8. वर्षअखेरचा जीएफआर (किडनीचा रक्त गाळण्याचा वेग) 65.4 विरुद्ध 57.1. मधुमेह मात्र टॅक्रोवरच जास्त.

आता प्रत्यक्ष चूक कुठे होते ते बघा. रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचे. आठला गोळी घेऊन दहाला रक्त दिले की लेव्हल खोटी वर दिसते, डोस कापला जातो आणि किडनी उघडी पडते. क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनने लेव्हल कोसळते, बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने आणि बीपीच्या डिल्टियाझेमने चढते. जुलाबातही चढते, हे तर कित्येकांच्या लक्षातच येत नाही. चवथीनंतर माटोळीतले (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या छतातले) तोरंज सोलून घरात सगळ्यांना वाटतात, ते या रुग्णाने खाऊ नये. चकोतऱ्याच्या जातकुळीतले हे फळ टॅक्रो जिरवणाऱ्या एन्झाइमला अडवते. गोळीची कंपनी बदलली तरी आठवड्यात लेव्हल पुन्हा करायची.

दूधसागर :
लेव्हलचे पटले, पण ‘3 ते 7’ हा आकडा पहिल्या महिन्यात तसाच उचलू नका. सिम्फनीत प्रत्यक्ष लेव्हल त्या पट्ट्याच्या वरच्या टोकालाच होत्या, आणि त्या गटाला सुरुवातीला डॅक्लिझुमॅब (बॅसिलिक्सिमॅबसारखेच इंजेक्शन) आणि पुढे रोज 2 ग्रॅम मायकोफेनोलेट (रिजेक्शन रोखणारे आणखी एक औषध) नि स्टेरॉइड होते. जुलाब होतात म्हणून आपल्याकडे मायकोफेनोलेट निम्मे केले जाते, तेव्हा तो आधार राहत नाही. बॅसिलिक्सिमॅबवरच्या रुग्णाची लेव्हल दुसऱ्या आठवड्यात 4 आली तर ‘पट्ट्यात आहे’ म्हणून कागद बाजूला ठेवू नये. डोस वाढवावा आणि तीन दिवसांनी, गोळीआधी, पुन्हा रक्त पाठवावे.