नियंत्रणाची टक्केवारी

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या वणवा-अहवालात ‘६० टक्के नियंत्रण’ असतं, म्हणजे तेवढी आग विझली का, असा प्रश्न पडतो. नाही. आगीच्या परिघापैकी ६० टक्के भागावर टिकेल अशी रेषा तयार झालीय, एवढंच. आत झाडं जळतच असू शकतात. रेषा म्हणजे पालापाचोळा खरवडून उघडी केलेली निव्वळ मातीची पट्टी. एखादं मूळ तोडायचं राहिलं तर आग त्यातून धुमसत पलीकडे निघते. म्हणून लगतची राख हातमोजा काढून, हाताच्या मागच्या बाजूने चाचपतात; ऊब लागली की खणायचं, पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा चाचपायचं. फार चिकाटीचं काम आहे. आणि अहवालात किती एकर जळले या आकड्याआधी वाऱ्याचा अंदाज वाचा: १९८८ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात वाऱ्याने उडालेल्या निखाऱ्यांनी नद्या-रस्तेही ओलांडले होते.