८० मुलींच्या आंघोळीचं पाणी तापवायला किती युनिट? हिशोब तपासून हवा

नमस्कार मंडळी. शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मुलींचं वसतिगृह आहे, तिथली व्यवस्था मी बघतो. सध्या पाणी चुलीवरच्या दोन पिंपांत तापतं, जळण कपाशीच्या पऱ्हाट्यांचं. मावशी पहाटे तीनला उठतात. "डोयामा धूर जास, भाऊ," एवढंच म्हणतात, पण डोळे लालभडक झालेले असतात. त्यात मागच्या आठवड्यात सातवीतल्या मुलीच्या हातातली कढत पाण्याची बादली हिंदकळली, पायावर फोड आले. ही चूल आता बंद करायचीच.

काल पहाटे दूध डेअरीतून थर्मामीटर मागून आणला आणि गच्चीवरच्या टाकीत सोडला. १६ अंश. आंघोळीला ४१ पुरे, म्हणजे २५ अंश वाढवायचे. मुलीमागे १५ लिटरची एक बादली धरली तर १२०० लिटर.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. १२०० × २५ = ३०,००० किलोकॅलरी. एका युनिटात ८६० किलोकॅलरी, म्हणजे रोजचे जवळजवळ ३५ युनिट.

अडलंय ते इथे. वायरमन म्हणतो, ३ किलोवॅटचे तीन हीटर टाका, तासाभरात पाणी तयार. पण ९ किलोवॅटचे हीटर तासाला ९ युनिटच देणार, मग चार तास लागतील ना? सोलरवाल्याने १२०० लिटरचं कोटेशन दिलंय, तेवढे पैसे नाहीत. चूक असेल तर स्पष्ट सांगा, देणगीदारांपुढे हाच कागद ठेवायचा आहे.

प्रतिसाद

दादा, हिशोब बरोबर आहे. चार तास लागतीलच, टाकी उघडी असेल तर जास्तच. तासाभरात हवं तर ३५ किलोवॅटचे हीटर लागतील. तेवढा भार मंजूर आहे का ते आधी बघा.

सोलरचं कोटेशन मात्र नव्याने मागवा. सोलरमधून पाणी साधारण ६० अंशांना मिळतं, त्यात गार पाणी मिसळावंच लागतं. १६ वरून ६० म्हणजे ४४ अंश. ३०,००० ला ४४ ने भागा, ६८२ लिटर येतात. बाकीचं ५१८ लिटर टाकीतलं गार पाणी. रात्रीतून थोडी उष्णता जाते, म्हणून ८०० लिटरचा संच घ्या. ढगाळ दिवसासाठी त्यातच ६ किलोवॅटचा हीटर बसवा, रात्री अकराला चालू केला तर पहाटे पाचपर्यंत ३६ युनिट होतात. पाणी बोअरचं असेल तर हीटरवर क्षारांचा थर चढतो, तो वेळोवेळी काढत जा.

आणि एक कळकळीने सांगतो. ६० अंशांचं पाणी थेट नळाला देऊ नका. आधी मिसळून ४१-४२ वर आणा, मगच खाली सोडा. नाहीतर चूल जाईल, भाजणं तसंच राहील.

धागाकर्ता

पाणी बोअरचंच आहे, आणि टाकीला झाकणही नाही. आजच माप घेतो. ८०० लिटरचं नवीन कोटेशन मागवलं की इथेच टाकतो, तेवढं एकदा बघून द्या.