एकट्याने राहायचं तर कागद आधी करा

लग्न न करता एकटं राहणाऱ्यांना "म्हातारपणी कोण बघणार?" असं विचारलं जातं आणि त्यावर बरीच भावनिक चर्चा होते. मला त्यातली कागदपत्रांची बाजू फार महत्त्वाची वाटते, कारण एकटं राहणाऱ्यांची अडचण खरी तिथे होते.

बँकेत नॉमिनी लावला की काम झालं, हा समज चुकीचा आहे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांचीच राहते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू होतो आणि त्यात अविवाहित पुरुषाची मालमत्ता आई हयात असेल तर एकट्या आईला जाते, वडिलांचा क्रम नंतर लागतो. अविवाहित बाईच्या बाबतीत मात्र आई-वडील दोघांना समान. जिवलग मित्र, लग्नाशिवायचा जोडीदार यांना यात काहीच स्थान नाही!

म्हणून मृत्युपत्र कराच. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही दोन साक्षीदारांनी पाहिलेली हवी किंवा ती तुमचीच आहे असं तुम्ही त्यांना सांगितलेलं हवं, आणि दोघांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, वाद तिथूनच सुरू होतात. शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान, पण सज्ञान साक्षीदार घ्या, म्हणजे पुढे गरज पडली तर ते हयात असतील. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक नेमा आणि मूळ प्रत कुठे आहे ते त्याला सांगा.

अखेरच्या आजारपणात कोणते उपचार नकोत हे सांगणारं इच्छापत्र (लिव्हिंग विल) वेगळं असतं. २०२३ पासून ते दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. त्याची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या.