मदत हवी आहे : कर्क्युमिन देऊनही एनआरएफ-२ वाढत नाही

हेप-जी-२ (मानवी यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या) पेशींना १० मायक्रोमोलर कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक), सिरमविरहित (रक्तद्रव न घातलेल्या) मीडियात, २४ तास. नंतर क्यूपीसीआर (एमआरएनए, म्हणजे जनुकाची संदेश-प्रत, मोजण्याची चाचणी). एनआरएफ-२ (पेशीची ऑक्सिडेशनविरोधी जनुके चालू करणारे प्रथिन) चा एमआरएनए कंट्रोलइतकाच. उलट डीसीएफ या ऑक्सिडेशन दाखवणाऱ्या रंगाची चमक वाढली, म्हणजे ऑक्सिडेशन वाढल्यासारखे दिसते. तुलनेसाठी जीएपीडीएच हे एकच संदर्भ जनुक (जे स्थिर राहील असे धरतात) आहे. चूक नेमकी कुठे?

प्रतिसाद १
मोजायची गोष्टच वेगळी आहे. एनआरएफ-२ चे नियंत्रण मुख्यतः प्रथिनाच्या पातळीवर चालते. कीप-१ हे प्रथिन त्याला धरून ठेवते, युबिक्विटिन (नाशाची खूण) लागते आणि प्रोटिअसोम (प्रथिने तोडणारी पेशीतली यंत्रणा) त्याचा निकाल लावतो. अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांच्या आसपास. कर्क्युमिन कीप-१ च्या सिस्टीन या अमिनो आम्लांना चिकटले की हा नाश थांबतो. नवे प्रथिन साचते, केंद्रकात जाते आणि लहान माफ प्रथिनासोबत एआरई या डीएनए-क्रमावर बसते. एमआरएनए न हलताही हे सारे घडू शकते.

म्हणून एनआरएफ-२ चालू करते ती लक्ष्य जनुके पाहा : एचएमओएक्स-१ साधारण ४ ते ६ तासांनी, एनक्यूओ-१ आणि जीसीएलएम १६ ते २४ तासांनी. एकट्या एचएमओएक्स-१ वर विसंबू नका, त्यावर बाक-१ या दुसऱ्या, दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाचाही अंमल असतो. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन आकारानुसार पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) २ ते ४ तासांनी, केंद्रकीय अंशाचा करा. पट्टा ९५ ते ११० किलोडाल्टनला येतो. आकडेमोडीने ६८ च्या आसपास निघतो, आणि तिथलाच पट्टा खरा समजण्याची चूक फार होते. एनआरएफ-२ चा एसआयआरएनए (ते जनुक गप्प करणारा आरएनए) वापरून लक्ष्य जनुकांची वाढ नाहीशी होते का, तेही तपासा. जीएपीडीएचसोबत एचपीआरटी-१ किंवा टीबीपी हे दुसरे संदर्भ जनुक घ्या, कारण ऑक्सिडेटिव्ह ताणात जीएपीडीएच स्वतःच हलू शकतो.

प्रतिसाद २
सिरमविरहित मीडिया हे दुसरे कारण. ३७ अंश आणि पीएच ७.२ ला सिरमशिवाय सुमारे ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होते. १० टक्के सिरममध्ये ते तासन्‌तास टिकते, पण सिरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधले गेल्याने मोकळे कमी उरते. म्हणून मात्रा ५, १० आणि २० मायक्रोमोलर अशा तीन ठेवा, प्रत्येकीसाठी पेशी-जीविततेची चाचणीही. डीएमएसओ या द्रावकातले सर्वांत मोठ्या मात्रेचे द्रावण २० मिलिमोलर ठेवून हजारपट सौम्य करा, म्हणजे डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. तेवढाच सगळ्या विहिरींत (प्लेटच्या खळग्यांत), कंट्रोलमध्येही. उजेडापासून जपा, एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नका.

डीसीएफच्या चमकीवर विश्वास ठेवू नका, कर्क्युमिन स्वतःच हिरवे चमकते. डीसीएफ रंगाविना फक्त कर्क्युमिन दिलेली विहीर ठेवा. पुढे ईजीसीजी (हिरव्या चहातला घटक) घेणार असाल तर कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारे विकर) घातलेली विहीरही लागेल : ईजीसीजी मीडियातच हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते, आणि मग परिणाम ईजीसीजीचा की पेरॉक्साइडचा, हे कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
बदल करतो. एनक्यूओ-१ वाढला तर मधुमेहात उपयोगी असे लिहू का?

प्रतिसाद १
नको. तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात बहुतेक ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट या शरीराने बदललेल्या रूपांत सापडते, मुक्त रूप अत्यल्प. शिवाय एनआरएफ-२ वाढणे म्हणजे चांगलेच असे नाही, कीप-१ बिघडलेल्या फुप्फुसाच्या गाठी त्याच्याच जोरावर तगतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एटीबीसी चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (हेही अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशनविरोधी) घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. "हेप-जी-२ पेशींत इतक्या मात्रेला, इतक्या वेळाने एनक्यूओ-१ वाढले" एवढेच लिहा.