मदत हवी आहे : नाकाबंदीत मोपेडच्या डिकीत गांजा सापडला, भाच्याला अटक (नाशिक)

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. दुसऱ्या पाळीवरून घरी येताना हेल्मेट नसल्यामुळे त्याला नाकाबंदीत अडवण्यात आले. त्याची मोटारसायकल गॅरेजला असल्याने त्या दिवशी त्याने सोबत काम करणाऱ्या एका मित्राची मोपेड मागून घेतली होती. गाडीची कागदपत्रे मागितल्यावर त्याने स्वतःच सीट उचलून डिकी उघडली. आत रेनकोट, त्याखाली जेवणाचा डबा आणि डब्याच्याही खाली खाकी चिकटपट्टीने गुंडाळलेले एक पुडके होते. त्याची अंगझडतीही झाली. तीत मोबाईल आणि पाकीट यांखेरीज काही मिळाले नाही.

गुन्हा एन.डी.पी.एस. (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ८(क) आणि २०(ब) खाली दाखल आहे. पोलीस कोठडी संपून आता तो नाशिकरोड कारागृहात न्यायालयीन कोठडीत आहे. ज्याची मोपेड होती त्या मित्राचा फोन त्या रात्रीपासून बंद लागतो.

माझी मुख्य शंका वजनाबद्दल आहे. वकिलांनी मिळवलेल्या पंचनाम्याच्या प्रतीत ‘उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला गांजा, प्लास्टिक पिशवीसह वजन १ किलो ६० ग्रॅम’ अशी नोंद आहे. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण धरले जाते व शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापेक्षा जास्त पण २० किलोच्या आत असेल तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि १ लाखापर्यंत दंड, असे मी वाचले आहे. म्हणजे इथे सगळा फरक पिशवी, चिकटपट्टी आणि काड्यांच्या वजनात आहे की काय, हे कोणी जाणकाराने समजावून सांगावे.

दुसरे असे की, एका गृहस्थाने दाजींना गाठून ‘पन्नास हजारांत वजन किलोच्या खाली आणून देतो’ असे सांगितले आहे. मला हे अजिबात पटत नाही, पण मुलगा आत असताना आईबापांना समजावणे फार अवघड जाते. शिंदे गावातला एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना ऑक्टोबर २०२३ मध्ये उघडकीस आल्यापासून आपल्याकडे या कायद्याचे नुसते नाव निघाले तरी शेजारीपाजारी निकाल लावून मोकळे होतात. त्यामुळे दाजी कोणाशी मोकळेपणी बोलायलाही तयार नाहीत.

प्रतिसाद १

मी फौजदारी प्रकरणे चालवतो. कागद पाहिल्याशिवाय ठाम मत देता येत नाही, तरी काही गोष्टी सांगतो. त्या गृहस्थाला पहिल्यांदा दारातून परत पाठवा. सीलबंद मुद्देमालाचे वजन बाहेरून ‘कमी’ होत नाही, आणि तसा प्रयत्न झाल्याचे बाहेर आले तर दाजींवरच वेगळा गुन्हा दाखल होईल.

वजनाचा मुद्दा खरा आहे आणि तो आत्ताच लावून धरायला हवा. मोजायचे असते ते पदार्थाचे वजन, वेष्टनाचे नव्हे. शिवाय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. सरकारी वकील सर्वोच्च न्यायालयाचा हिरा सिंग निकाल (२०२०) पुढे करतील, कारण त्यात भेसळीच्या पदार्थाचे वजनही धरावे असे म्हटले आहे. परंतु तो निकाल अमली पदार्थात मिसळलेल्या द्रव्याबद्दल आहे, पिशवीबद्दल नाही. कलम ५२-अ प्रमाणे मुद्देमालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. त्या वेळी वेष्टन वेगळे काढून निव्वळ वजन नोंदवावे, असा अर्ज तुमच्या वकिलांनी ताबडतोब द्यावा. ती कार्यवाही होऊन गेली असेल तर तिच्या नकलांसाठी अर्ज करावा.

राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याच्या कलम ५० वर फार विसंबू नका. पवनकुमार प्रकरणात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ते कलम अंगझडतीपुरते आहे, सोबतच्या पिशवीला ते लागू होत नाही, डिकीचेही तसेच. हेल्मेटसाठी अडवले आणि माल अचानक सापडला, असेच खरोखर घडले असेल तर कलम ४२ चाही (आधी मिळालेली खबर लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवण्याचे बंधन) फारसा उपयोग नाही. मात्र स्टेशन डायरीत आधी खबर मिळाल्याची नोंद निघाली तर चित्र बदलते, कारण खासगी वाहन हे सार्वजनिक ठिकाण नव्हे आणि तिथे कलम ४२ पाळावे लागते, असे बूटा सिंग निकालात (२०२१) म्हटले आहे. म्हणून डायरीची नोंद मागवा. झडती-जप्तीचे चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे, तेही मागा.

जामिनाबाबत एक गैरसमज नको. वजन किलोच्या खाली आले तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या निकालाप्रमाणे या कायद्याखालचे सर्व गुन्हे अजामीनपात्र आहेत, त्यामुळे अर्ज करावाच लागेल. पण व्यापारी प्रमाण (२० किलोहून जास्त) नसल्यामुळे कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी आड येत नाहीत, आणि हा मोठा दिलासा आहे.

आता ताब्याविषयी. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. पण कलम ३५ आणि ५४ मधली गृहीतके आरोपीच्या विरुद्ध जातात, म्हणून ‘मला माहीत नव्हते’ एवढे तोंडी सांगून भागत नाही. गाडी मागितल्याचे संदेश, त्या दिवशीचे फोन, गॅरेजची पावती, कारखान्याच्या पार्किंगचे सीसीटीव्ही चित्रण, हे सगळे जपून ठेवा. घरातल्या कोणीही कसलेही संदेश पुसू नयेत आणि त्या मित्राला शोधायलाही जाऊ नये.

प्रतिसाद २

वकिलांची फी झेपत नसेल तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) जवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. दाजींना पहिला प्रतिसाद वाचून दाखवला आणि त्या गृहस्थाला नकार कळवला आहे. गॅरेजची पावती बहिणीकडे आहे. कारखान्याच्या सुरक्षा विभागाकडे चौकशी केली, तेव्हा चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते आणि बाहेरच्यांना ते देत नाहीत, असे समजले. ते राखून ठेवण्याचे पत्र आम्ही नातेवाइकांनी द्यावे, की वकिलांमार्फत न्यायालयातूनच आदेश घ्यावा?

प्रतिसाद ३

दोन्ही करा. पत्र आजच द्या, त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि ती पोच न्यायालयातल्या अर्जाला जोडा. आदेश हाती येईपर्यंत चित्रण पुसले गेले, तरी कारखान्याला वेळेत कळवले होते हे त्या पोचेवरून दाखवता येईल.