ध्रुव उलटले की सगळे मरणार? आधी सह्याद्रीला विचारा

सह्यकडा
सोसायटीच्या ग्रुपवर काल एक ढकलपत्र आलं. त्यात म्हटलंय की पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटायला लागलेत, काही वर्षांत पृथ्वी पालथी होणार, पक्षी वाट चुकून मरणार, माणसं किरणोत्सर्गाने भाजणार, आणि ४२ हजार वर्षांपूर्वी निअँडरथल असेच संपले. शेजारची दहावीतली मुलगी ते वाचून रडवेली होऊन आमच्याकडे आली. म्हणून एवढं लिहितोय.

पृथ्वी पालथी होत नाही. बाह्य गाभ्यात वितळलेलं लोह सतत खळबळत असतं, चुंबकक्षेत्र त्यातून तयार होतं. त्या प्रवाहांचा मेळ बिघडला की क्षेत्र दुबळं होतं, विस्कटतं आणि कधी कधी उलट्या दिशेने पुन्हा उभं राहतं. याला हजारो वर्षं लागतात. शेवटचं पूर्ण उलटणं साधारण ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचं. गेल्या ८ कोटी ३० लाख वर्षांत असं १८० हून जास्त वेळा झालंय. आपले पूर्वज त्यातल्या प्रत्येकातून वाचले म्हणून आपण इथे भांडतोय.

आणि पुरावा हवा तर लांब जायला नको. लाव्हा थिजून दगड होताना तेव्हाच्या चुंबकक्षेत्राची दिशा त्यात कायमची नोंदली जाते. सह्याद्रीतला बराचसा बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड, उलट्या ध्रुवतेच्या काळात, म्हणजे चुंबकीय ध्रुव आजच्या उलट असताना, थिजला. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत दिशा पुन्हा आजच्यासारखी झालेली सापडते. प्रलयाच्या गोष्टी फिरवण्याआधी हा दगड तरी बघा.

उलटतपासणी
सह्याद्री काढलात ते बरं झालं. तो लाव्हा वाहत होता तेव्हाच डायनोसॉर गेले, आणि तेही उलट्या ध्रुवतेच्या काळातच. हा योगायोग सोयीस्करपणे गाळलात.

सह्यकडा
गाळला नाही. ध्रुव उलटल्यानंतर साधारण तीन लाख वर्षं डायनोसॉर व्यवस्थित जगले. मग मेक्सिकोत चिक्शुलूबला अशनी आदळली. बाकीच्या उलथापालथींच्या वेळचे महाविनाश दाखवा, मग बोलू.

नीलपंख
असहमत. "जीवसृष्टी संपली नाही" हे उत्तर फार स्वस्त आहे. लाशाँची घटना बघा, साधारण ४१ हजार वर्षांपूर्वीची. ते पूर्ण उलटणं नव्हतं, ध्रुव भरकटून परत आले. तरी क्षेत्र आजच्या दहा टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये न्यूझीलंडच्या गाडल्या गेलेल्या कौरी वृक्षांवरचा शोधनिबंध आला. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे हवेत कार्बन-१४ तयार होतो; झाडाच्या वलयांतल्या त्याच्या प्रमाणावरून दिसतं की या किरणांचा मारा तेव्हा किती वाढला होता. वरच्या वातावरणात नायट्रोजनची ऑक्साइडं वाढली की ओझोन घटतो आणि अतिनील किरण खाली पोचतात. ढकलपत्र मूर्खपणाचं आहे हे मान्य, पण तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात.

सह्यकडा
त्याच निबंधात निअँडरथल आणि ऑस्ट्रेलियातल्या महाकाय प्राण्यांचं खापरही या घटनेवर फोडलंय. पुरातत्त्वज्ञांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला की तारखा जुळत नाहीत. शिवाय चुंबकक्षेत्र गेलं तरी वातावरण कुठे जातं? डोक्यावरची हवा वजनाने दहा मीटर पाण्याएवढी आहे. वैश्विक किरणांपासून जमिनीवरचं मुख्य संरक्षण तीच करते.

नीलपंख
वैश्विक किरणांपासून, हो. ओझोन घटल्यावर अतिनीलपासून नाही. त्याला तुम्ही बगल दिलीत.

वेळासची
माझा मुद्दा कासवांचा. आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले येतात, घरट्यांची राखण करताना अख्ख्या रात्री काढल्यात मी. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या लॉगरहेड कासवांवर प्रयोग झालेत: नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू क्षेत्राची तीव्रता आणि कल (क्षेत्ररेषांचा जमिनीशी होणारा कोन) वाचून पोहण्याची दिशा ठरवतं. तो नकाशाच पुसला गेला तर ती जाणार कुठे? "पूर्वज वाचले" म्हणणाऱ्यांना मध्ये किती पिढ्या मेल्या ते माहीत नसतं.

सह्यकडा
ताई, कासवं कोट्यवधी वर्षांपासून आहेत आणि अनेक उलटण्यांतून पार झालीत. पक्ष्यांचं तर आणखी सोपं आहे. १९७२ मध्ये जर्मनीत रॉबिनवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की त्यांच्या अंगातलं होकायंत्र उत्तर-दक्षिण ओळखतच नाही, क्षेत्ररेषांचा कल ओळखतो. ध्रुव अदलाबदल झाले तरी त्यांना फरक पडत नाही. वर सूर्य आणि तारे आहेतच.

वेळासची
उलटून झाल्यावर फरक पडत नाही. उलटताना, क्षेत्र विस्कटलेलं असतं तेव्हा पडतो. आणि तेव्हाची कासवं मोकळ्या किनाऱ्यावर यायची, आता किनाऱ्याला बंधारे आणि दिवे आहेत. हॉटेलच्या दिव्यांकडे चालत गेलेली पिल्लं मी हाताने उचलून पाण्यात सोडलीत. अशा अवस्थेत वरून हे आलं तर ती टिकतील हे कशावरून?

ईशान्यकोन
तुम्ही सगळे विद्वान आहात, पण घरातली गोष्ट विसरता. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये हे आपल्याकडे का सांगितलं? रक्तात लोह असतं, पृथ्वीचं चुंबक ते ओढतं. ध्रुव उलटले तर दक्षिणेकडे डोकं करून झोपणाऱ्यांना त्रास होणार.

उलटतपासणी
झालं. आता धागा भरकटणार.

लोहारीण
पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत उभी हयात गेली माझी, म्हणून राहवत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. महाराष्ट्रात पृथ्वीचं क्षेत्र चाळीसेक हजार नॅनोटेस्ला. एमआरआयचं यंत्र दीड टेस्लाचं (एक टेस्ला म्हणजे शंभर कोटी नॅनोटेस्ला), म्हणजे तीस हजारपटींहून जास्त. त्यात माणूस अर्धा तास झोपतो आणि चालत घरी जातो.

ईशान्यकोन
माझ्या वडिलांची झोप पलंग फिरवल्यावर सुधारली. हे डोळ्यांनी पाहिलंय. यंत्राचे आकडे मला सांगू नका.

लोहारीण
पलंग फिरवल्यावर खिडकीचा उजेड डोळ्यांवर यायचा थांबला असेल. काका, झोप सुधारली याचा आनंदच आहे. पण याच समजुतीपायी माझ्या सासऱ्यांना, अर्धांगवायू झालेल्या माणसाला, एका वास्तुवाल्याने खोली बदलायला लावली. नव्या खोलीतून संडास लांब पडला आणि ते रात्री पडून खुब्याचं हाड मोडलं. चीड येते मला.

ईशान्यकोन
त्याचं वाईट वाटलं. पण एका माणसाच्या चुकीवरून शास्त्राला नावं ठेवू नका.

नीलपंख
शास्त्र असेल तर प्रश्न साधा आहे. तो नियम होकायंत्राच्या उत्तरेचा की ध्रुवताऱ्याच्या? होकायंत्राचा ध्रुव शतकभरात कॅनडाकडून सायबेरियाकडे सरकलाय, मध्ये वर्षाला पन्नासेक किलोमीटर वेगाने. पलंग सरकवलात का?

ईशान्यकोन
ध्रुवताऱ्याचा. असं धरा.

लोहारीण
मग चुंबक आणि रक्तातलं लोह दोन्ही गेलं. एवढंच म्हणायचं होतं.

ईशान्यकोन
चुंबकाचं कारण सोडतो. दक्षिणेकडे डोकं मात्र करणारच.

तारांवरचा
वीजवहनात नोकरी केली, म्हणून कासवं आणि पलंग बाजूला ठेवून बोलतो. जीव वाचतील, तारा वाचतील का? १३ मार्च १९८९ ला सौरवादळाने क्यूबेकमधला वीजपुरवठा कोसळला, सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात. तेव्हा क्षेत्र पूर्ण ताकदीचं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये छोट्याशा सौरवादळात स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले चाळीसच्या आसपास उपग्रह गेले. दक्षिण अटलांटिकवर क्षेत्र दुबळं आहे, तिथून जाताना हबल दुर्बीण निरीक्षणं थांबवते. तसा पट्टा पृथ्वीभर पसरला तर काय होईल याचा विचार करा. अशा वादळात रोहित्रांमध्ये जमिनीतून शिरणारा भूचुंबकीय प्रवाह मोजायचं मी सुचवलं होतं. वरिष्ठ म्हणाले, हे थंड देशांचे प्रश्न.

अलिबागकर
थंड देशांचे? कुलाबा वेधशाळेची १८५९ ची नोंद बघायला सांगा त्यांना. सप्टेंबरच्या त्या सौरवादळात इथे मुंबईत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलेलं नोंदलंय. पुढे विजेच्या ट्रामनी मोजमापं बिघडतील म्हणून वेधशाळा आमच्या अलिबागला आणली. शंभरहून जास्त वर्षं तिथे क्षेत्र मोजलं जातंय आणि लोक किल्ला बघून परत जातात, याचं वाईट वाटतं.
दोन्ही बाजूंना एक सांगतो. गेल्या दोनेक शतकांत पृथ्वीचं क्षेत्र साधारण नऊ टक्क्यांनी घटलंय. याआधीही घटून पुन्हा वाढलंय. यावरून उलटणं सुरू झालं म्हणता येत नाही.

सह्यकडा
हेच तर म्हणत होतो. तारांचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. ओझोनचाही धरा अर्धा, नीलपंख. सौरवादळं जोराची असतील त्या काळात तो घटेल. पण त्याने माणूसजात संपेल हे मी मान्य करणार नाही.

नीलपंख
संपेल असं मी म्हटलंच नव्हतं. अर्धा मान्य केलात, उरलेला अर्धा कधीतरी घेईन.

वेळासची
आणि कासवं?

सह्यकडा
कासवांसाठी आधी हॉटेलचे दिवे विझवू. त्याला ध्रुव उलटायची वाट बघायला नको. मोहीम काढणार असाल तर कळवा, मी येतो.

वेळासची
मार्चमध्ये या. बॅटरीला लाल कागद लावून आणा.