१९७३ : येरेवानचा डबल

सोव्हिएत फुटबॉल म्हणजे मॉस्को नाहीतर कीव्ह, असं म्हणतात. बव्हंशी खरं, पण १९७३ साल विसरू नका. त्या वर्षी आर्मेनियाच्या अरारात येरेवानने सोव्हिएत लीग आणि कप दोन्ही उचलले.

तो हंगामच विचित्र होता. सामना बरोबरीत सुटला की लगेच पेनल्टी. जिंकणाऱ्याला एक गुण, हरणाऱ्याला भोपळा! संगनमताने होणाऱ्या बरोबऱ्यांवर हा उपाय. पुढच्याच वर्षी गुंडाळला, आणि बरंच झालं.

पण खरी गंमत मॉस्कोतल्या कप फायनलची. अरारातविरुद्ध डायनॅमो कीव्ह १-० ने पुढे, शेवटची काही मिनिटं उरलेली. कीव्हचे प्रशिक्षक सेविदोव यांनी कप हातात आल्यासारखं समजून ब्लोखिन आणि बुर्याक या दोन्ही प्रमुख खेळाडूंना बाहेर बोलावलं. (असा आत्मविश्वास नडतोच हो!) ८९व्या मिनिटाला अरारातच्या लेव्हॉन इश्तोयानने बरोबरी साधली, जादा वेळेत दुसरा गोलही त्यानेच ठोकला. २-१. सेविदोव यांची नोकरी गेली, कीव्हला प्रशिक्षक म्हणून लोबानोव्स्की आले.

अरारातचे प्रशिक्षक निकिता सिमोन्यान, मूळचे स्पार्टाक मॉस्कोचे हुकमी गोलंदाज, म्हणजे गोल करणारे! पुढे १९७५ मध्ये युरोपियन कपात येरेवानमध्ये याच अरारातने जर्मनीच्या बायर्न म्युनिकलाही १-० हरवलं. पण म्युनिकमधल्या आधीच्या सामन्यात खाल्लेले दोन गोल मात्र भारी पडले.